श्वास कुठे घेतेस?

"चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा."

रालित्साने फोनवरचं आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि विचारलं.

समोर लेल्या स्तोयना द्राक्षाच्या मांडवाखाली बसली होती. मांडीवर परात, परातीत लाल मिरच्या. तिने एक मिरची उचलली, देठापाशी दाभण खुपसलं आणि मिरची दोऱ्यावरून खाली सरकवली.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "एकही सूर चुकलेला नाही."

"मग?"

"दाभण धरता येतं का तुला?"

बल्गेरियाच्या डोंगरातलं ते गाव. घरांपेक्षा कुलपंच जास्त. 'लेल्या' म्हणजे मावशी. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर कुणी नुसतं 'लेल्या' म्हटलं, तर ते स्तोयनाबद्दलच बोलत आहे असं समजायचं.

तरुणपणी ती राजधानीतल्या मोठ्या गायनवृंदात होती. भरजरी पोशाख, डोक्यात फुलं, देशोदेशीचे रंगमंच. मग एका शरद ऋतूत ती गावी परतली आणि राहिली. का परतली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्याकडे शिकायला मुली येत. काही लगेच परत जात, काही राहत.

रालित्सा शिकायला आली नव्हती.

ती राजधानी सोफियाहून गाडी चालवत आली होती. तिचा स्वतःचा गायिकांचा गट होता. जुनी लोकगीतं घेऊन त्या नव्याने बांधत. त्यात कुजबूज असे, पायांचा ठेका असे, एकमेकींना घासून जाणारे सूर असत. परदेशातल्या महोत्सवांत लोक उभे राहून टाळ्या वाजवत. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं याच गावचं होतं. संग्रहालयातल्या एका जुन्या ध्वनिफितीवर ते तिला सापडलं होतं.

डोंगरापलीकडे दिलेली एक सासुरवाशीण डोंगराला विनवते:

'डोंगरा, माझ्या दादा, जरा हो की बाजूला,
आईच्या घराचा धूर दिसू दे डोळ्याला...'

सगळीकडे कौतुक झालं. पण एका समीक्षकाने लिहिलं, 'मेलेल्या गावाच्या अंगावरचे दागिने काढून ही बाई मिरवते आहे.'

ते वाक्य रालित्साच्या जिव्हारी लागलं होतं.

हिवाळ्यात राजधानीच्या मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. लेल्या स्तोयनाने पहिल्या रांगेत बसावं, कार्यक्रमाआधी उठून दोन शब्द बोलावेत, एवढंच तिला हवं होतं. मग कुणाची तोंड उघडायची हिंमत झाली नसती.

म्हणून ती आली होती. आणि आता हातात दाभण घेऊन बसली होती.

दुपार कलली तशा शेजारच्या बाया आल्या. मोठ्या आवाजाची योर्दांका आली. पाय ओढत चालणारी वेला आली. त्यांच्या मागून देना, उंच, वाळलेली, काळा रुमाल बांधलेली.

त्या मिरच्या तिखट नव्हेत. गोड, मांसल, तळहाताएवढ्या. पहिली थंडी पडायच्या आत त्या ओवून, माळा करून पडवीच्या तुळईला टांगायच्या. एकटीने करायचं ते कामच नाही. पूर्वी म्हणे अशा दिवसांत प्रत्येक अंगणात बाया बसलेल्या असत. एका अंगणातलं गाणं संपलं की खालच्या आळीतून पुढचं सुरू होई. पाणी भरून येणारी पोर रस्त्याने चालत तीन गाणी ऐकत घरी पोचे.

आता बायका बसतील असं हे एकच अंगण उरलं होतं.

"ही राजधानीची गायिका," लेल्याने ओळख करून दिली. "आपलं डोंगराचं गाणं गाते. गा गं पोरी."

रालित्साने दाभण खाली ठेवलं. उभी राहिली. डोळे मिटले.

ती गायली.

तिचा आवाज खुला होता. गळा न आवळता, छातीतून उचललेला. पहिली ओळ तिने एका श्वासात घेतली आणि कुठेही न तुटता शेवटपर्यंत नेली. शेवटचा सूर तिने धरला, धरूनच ठेवला. मांडवातल्या गांधीलमाश्यासुद्धा थबकल्यासारख्या झाल्या.

योर्दांकाचे हात थांबले. वेलाने ॲप्रनच्या टोकाने डोळे टिपले. देना परातीकडे बघत राहिली.

गाणं संपलं. मग वेलाने टाळ्या वाजवल्या.

रालित्साने लेल्याकडे पाहिलं. विजयाने.

लेल्या म्हणाली, "तू गायला लागलीस आणि सगळ्या गप्प झाल्या."

"ती दाद असते, लेल्या."

"... असेल."

"असेल म्हणजे?"

"वेला, त्या मिरच्या इकडे सरकव बाई. उन्हं चालली."

आणि परत काम सुरू झालं. कुणीच गायलं नाही.

बाया गेल्यावर रालित्सा उसळली.

"मला ठाऊक आहे तुमचं म्हणणं. जुनं होतं तसंच ठेवायला हवं होतं. मी हात लावला, विटाळ झाला. सगळे हेच म्हणतात. पण लेल्या, तुम्हीही मंचावर गायलात! तुमच्या वृंदात तर गाण्यांना इस्त्री करून कोट चढवले होते. तेव्हा कुणी मेलेल्यांचे दागिने म्हटलं नाही."

लेल्याने हसून मान हलवली.

"जुनं कोण मागतंय? माझी आई तिच्या आईसारखी गायची नाही. मी आईसारखी गायले नाही. बदल की. तुझ्या त्या कुजबुजी मला आवडल्या."

रालित्सा भांडायला उभी होती. समोर कुणी उरलंच नाही.

"आवडल्या?"

"ओढ्याकाठी बाया कपडे धुतात, तसं वाटलं."

"मग अडलंय कुठे?"

"श्वास कुठे घेतेस?"

"कुणाला कळत नाही," रालित्सा अभिमानाने म्हणाली. "वर्षानुवर्षं मेहनत केली आहे. त्या ध्वनिफितीवरची बाई पूर्ण ओळ एका दमात गाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माणसाला हे शक्य नाही. मी ते शक्य केलं."

लेल्याने परात उचलली.

"मलाही शहरात हेच शिकवलं होतं," ती म्हणाली. "परत आले तेव्हा याच अंगणात गायले. सगळ्या गप्प. माझी आई कौतुकाने म्हणाली, पाहुणी छान गाते."

ती आत गेली.

रालित्सा त्या दिवशी निघणार होती. निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी योर्दांका भेटली, विहिरीवर.

"तू एकटीने गायलीस ना, तेव्हा मला नेवेनाची आठवण झाली," ती म्हणाली. "आणि देनाचीही."

"देना तर तिथेच बसली होती."

"बसली होती, हो. पण तिचा आवाज नव्हता."

मग योर्दांकाने सांगितलं. देना आणि नेवेना या जावा. एकाच मांडवात लग्नं झालेली. इकडे गाणं जोडीने गातात. बाकीच्या बाया खाली एकच सूर धरून ठेवतात आणि जोडी वर गाते. डोंगराचं गाणं त्या दोघींचं. नेवेना ओळ उचलायची, मध्यावर तिचा श्वास संपायचा आणि तिथून देना पुढे न्यायची. दोघींचे आवाज इतके सारखे की सांधा कळायचा नाही. शहरातून टेप घेऊन माणसं आली होती, त्यांनाही कळला नव्हता.

रालित्साच्या हातातली बादली तशीच राहिली.

"त्या फितीवर... दोघी आहेत?"

"दोघीच. मी खाली सूर धरून बसले होते. नेवेना वारली आणि देनाने तोंड मिटलं. अंगणात येते, मिरच्या ओवते, जाते. आम्ही कुणी ते गाणं काढतच नाही आता. काल तू काढलंस."

रालित्सा विहिरीच्या कठड्यावर बसली. ज्या श्वासाच्या मागे ती इतकी वर्षं धावली, तो कुणाचाच नव्हता. दोघींचा मिळून होता.

तिच्या डोळ्यांसमोर आपली आई आली. आई स्पेनमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी करत होती. रालित्सा लहान असल्यापासून. लहानपणी फोनवर आई एक गाणं अर्धं म्हणायची, पुढचं हिने म्हणायचं. मग फोन कमी झाले. ते गाणं कुठलं होतं, हेही आता आठवत नव्हतं.

त्या दुपारी ती अंगणात गेली आणि कुणी न सांगताच गाऊ लागली. ओळीच्या मध्यावर येऊन थांबली. मुद्दाम. आणि देनाकडे पाहिलं.

सगळ्यांनी देनाकडे पाहिलं.

देनाने हातातली मिरची परातीत ठेवली. उठली. फाटक लावून घरी गेली.

"मी जागा रिकामी ठेवली होती, लेल्या!" रालित्सा रडकुंडीला आली. "तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"जागा ठेवलीस खरी."

"मग?"

"दारात उभं राहून वाट अडवलीस. आत कोण येतं ते बघायला."

रालित्साने दुसऱ्या दिवशी गाण्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

देना परत आली. कुणी काही विचारलं नाही.

वेला कधी एखादं साधं गाणं सुरू करी, मेंढ्यांचं, नाहीतर नवऱ्याच्या चेष्टेचं. बाकीच्या खाली सूर धरत. लेल्याने रालित्साला तिथे बसवलं, खालच्या सुरात. एकच सूर. चढायचं नाही, वळायचं नाही, नटवायचं नाही.

तिला ते जमेना. तिचा आवाज सगळ्यांच्या वर निघे.

"योर्दांकाचा आवाज ऐकू येतो का तुला?" लेल्या विचारी.

"नाही."

"मग मोठ्याने गातेस."

हळूहळू तिला योर्दांका ऐकू येऊ लागली. मग वेलाचा दम कुठे संपतो ते कळू लागलं. वेलाने श्वास घेतला की आपण धरायचं, आपण घेतला की ती धरते. असं करत सूर कधीच तुटत नाही आणि कुणालाच दम लागत नाही. एका दुपारी तिच्या लक्षात आलं, आपण बराच वेळ गातो आहोत आणि आपला आवाज आपल्यालाच सापडत नाही. तिला भीती वाटली. मग बरं वाटलं.

तिची बोटं मिरच्यांच्या रसाने लाल झाली होती. सोफियाहून गटातल्या मुलींचे फोन येत होते. ती म्हणे, "येते. अजून थोड्या माळा राहिल्यात."

माळा टांगायचा दिवस उजाडला.

ओल्या मिरच्यांची माळ जड असते. दोघींनी दोन टोकं धरून, स्टुलांवर चढून, ती तुळईच्या खिळ्यांना अडकवायची. लेल्याचे गुडघे चढू देत नव्हते. वेलाचा पाय अधू. योर्दांका खालून माळा उचलून देत होती. एका स्टुलावर रालित्सा चढली, दुसऱ्यावर देना.

एक माळ झाली. दुसरी झाली. ऊन छान पडलं होतं. समोर डोंगर, त्याच्या कडेने पिवळी पडलेली बीच जातीची झाडं. खालच्या आळीतल्या एका घरातून धूर निघत होता. एकाच.

रालित्साने तो धूर पाहिला. तिसरी माळ उचलता उचलता ती गुणगुणायला लागली. आपण काय गुणगुणतो आहोत, याकडे तिचं लक्षही नव्हतं.

'डोंगरा, माझ्या दादा...'

हात वर ताणलेले. माळेचं ओझं खांद्यांवर. खिळा सापडत नव्हता. छातीत हवाच उरली नाही, आवाज चिरकला आणि ओळ अर्ध्यावर तुटली.

'... जरा हो की बाजूला.'

ओळ पुरी झाली होती.

माळेच्या दुसऱ्या टोकाकडून.

योर्दांकाने चमकून वर पाहिलं. वेलाचं तोंड उघडं राहिलं. लेल्याने नुसता हात हलवला, कोंबड्या हाकलतात तसा. बघू नका. कामं करा.

योर्दांकाने झटकन मान खाली घातली आणि सूर धरला. वेलाने धरला. लेल्याने धरला.

रालित्साने देनाकडे पाहिलं नाही. तिने खिळा शोधला, दोरा अडकवला आणि दुसरी ओळ उचलली. मध्यावर तिचा श्वास संपला. तिने तो संपू दिला.

'आईच्या घराचा धूर...'

'... दिसू दे डोळ्याला.'

देनाचा आवाज गंजला होता. नेवेनाशी जुळणारा तो आवाज रालित्साशी जुळत नव्हता. सांधा स्पष्ट कळत होता. तरी गाणं पुढे जात होतं. देनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

सगळ्या माळा टांगून होईपर्यंत त्या गात राहिल्या. एकच गाणं, पुन्हा पुन्हा. मध्येच योर्दांकाने एक ओळ घुसडली. ती पूर्वी गाण्यात नव्हतीच.

काम संपलं तेव्हा गाणंही थांबलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. देनाने स्टूल उचलून आत ठेवलं आणि म्हणाली,

"उद्या माझ्याकडे कोबी खारवायचा आहे."

एवढंच.

निघताना रालित्साने गाडीचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"मी तुम्हाला विचारायला आले होते, सभागृहात याल का म्हणून."

"येईन."

"दोन शब्द बोलायचं मात्र... राहू दे ते."

"बरं."

"पण लेल्या, तिथे मिरच्या नाहीत, माळ नाही. हजार अनोळखी माणसं अंधारात बसलेली असतात. तिथे मी काय करू?"

लेल्याने डोंगराकडे पाहिलं.

"दिवे लावायला सांग," लेल्या म्हणाली.

हिवाळ्यात लेल्या सभागृहात आली. देना बरोबर होती, नव्या रुमालात. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या त्यांनी दुसऱ्यांना दिल्या आणि मागे जाऊन बसल्या.

बाहेर बर्फ होतं. सभागृह भरलेलं. कार्यक्रम नेहमीसारखा झाला. कुजबुजी झाल्या, ठेके झाले, टाळ्या झाल्या. शेवटी दिवे लागले. प्रेक्षकांवरचे.

लोक चुळबुळले. उजेडात एकमेकांची तोंडं दिसायला लागली.

रालित्साच्या गटातल्या मुली मंचावरून उतरल्या आणि रांगांमधून जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खालचा सूर धरला. साधा, कुणालाही धरता येईल असा. थोड्या वेळाने एका मुलीने शेजारच्या म्हाताऱ्याला हाताने खूण केली. तो लाजला. मग त्याने धरला. त्याच्या बायकोने धरला. सूर रांगेतून रांगेत सरकत गेला.

मग मंचावरून रालित्साने ओळ उचलली आणि मध्यावर तिचा श्वास संपला.

काहीच घडलं नाही. नुसता खालचा सूर.

तिने पुन्हा तीच ओळ उचलली. या वेळी तिने कुणाकडेही पाहिलं नाही.

मधल्या रांगेतून कुणीतरी ओळ पुरी केली. बाईचा आवाज, बेसूर. पुढच्या खेपेला आणखी चार जण. मग मागून देना, गंजक्या आवाजात, स्पष्ट. मग किती, ते सांगता यायचं नाही. शब्द सोपे होते. ज्यांची माणसं दूर देशी गेली होती आणि ज्यांची गावं कुलपात होती अशांनीच ते सभागृह भरलेलं होतं. पुष्कळ जण रडत होते आणि गात होते.

शेवट कुठे झाला, ते कुणाला कळलंच नाही. रालित्सा मंचावरून केव्हा उतरली, तेही नाही. टाळ्या वाजल्याच नाहीत. माणसं गात गातच उठली आणि कोट घ्यायला गेली.

लेल्या दारापाशी उभी राहून कोट चढवत होती. गर्दीतून वाट काढत रालित्सा तिच्यापाशी पोचली. चेहरा विचित्र झाला होता. हसत होती की रडत होती, सांगणं कठीण.

"लेल्या, तिकडे कोटांच्या रांगेत एक माणूस आपलं गाणं म्हणतोय. चालच बदलून टाकली आहे त्याने. आणि 'आईच्या घराचा' म्हणायच्या ऐवजी 'ताईच्या घराचा' म्हणतोय."

"मग?"

"मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने मला ओळखलं नाही. मलाच विचारलं, काय हो, हे गाणं मूळचं कुणाचं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, कोण जाणे. माहीत नाही."

लेल्या स्तोयनाने गळ्यापाशी कोटाचं शेवटचं बटण लावलं. देनाचा हात धरला. आणि बर्फात पाऊल टाकता टाकता म्हणाली,

"मग आता ते जुनं व्हायला लागलं."